कपाटावरचे स्पीकर

ही ओळ वाचून झाली की क्षणभर डोळे मीट आणि माझ्याबरोबर एक कल्पना कर. तू खोलीच्या मधोमध बसला आहेस, किंवा बसली आहेस. तुझ्या डाव्या हाताला एक माणूस उभा आहे, उजव्या हाताला दुसरा. दोघे एकदमच बोलायला लागले. तरी डोळे न उघडता तुला सांगता येईल, की पाणी मागतोय तो डावीकडचा आणि वेळ विचारतोय तो उजवीकडचा. आता त्या दोघांना शेजारच्या खोलीतल्या कपाटात चिकटून उभं कर आणि दार लावून घे. आवाज अजूनही येतील. पण पाणी कोणी मागितलं, हे काही तुला सांगता यायचं नाही.

माणसांना कोणी असं कपाटात घालत नाही. स्पीकरांना मात्र आपण घरोघर असंच वागवतो. जियाच्या घरीही तसंच होतं.

जिया नाशिकला वडाळा रोडला आमच्याच इमारतीत राहते, ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. ती सहावीत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झालो तरी रविवारी सकाळी गच्चीवर चार-पाच मुलं जमतात आणि आम्ही काहीतरी उघडून बघतो, काहीतरी जोडून बघतो. बाकीची मुलं बल्ब पेटला की खूश होऊन घरी जातात. जिया पेटलेला बल्ब काढून ठेवते आणि तो का पेटला ते विचारते.

तिचे आजोबा खाजाभाई. जिया त्यांना दादाअब्बा म्हणते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नगीना बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं आणि नंतर बरीच वर्षं ते त्या बँडचे उस्ताद होते. लग्नसराईत बँडची गाडी आज वणीला, तर उद्या देवळ्याला. वरातीत सगळेच बँड वाजवतात, पण नगीना बँडचं नाव होतं ते पाठवणीसाठी. नवरी गाडीकडे निघाली की ढोल, झांजा, तुताऱ्या सगळं थांबायचं आणि फक्त दोन क्लॅरिनेट वाजत राहायची. गाडी वळणाआड जाईपर्यंत.

या धुनीला एक कायदा होता. ती मध्ये तुटता कामा नये. पाठवणी तुटली की पोरीचं सासर तुटतं, असं लोक मानायचे. यात काही अर्थ नाही हे तुला कळतं, मलाही कळतं. पण मानणाऱ्यांच्या दारात वाजवून पोट भरायचं असलं की आपल्याला काय कळतं याला किंमत राहत नाही. म्हणून बँडच्या मालकाने ठरवून टाकलं होतं, ज्याच्याकडून पाठवणी तुटेल त्याच्या हातात पुन्हा क्लॅरिनेट द्यायचं नाही. वाजवणारे दोघे असत तेही याचसाठी. एकाने श्वास घ्यायचा, तेवढ्यात दुसऱ्याने धरून ठेवायचं.

ती एकदाच तुटली. सत्तावीस वर्षांपूर्वी, पिंपळगाव बसवंतला, एका द्राक्ष व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. खाजाभाईंच्या जोडीला तेव्हा मुनाफभाई होते. वयाने दहा वर्षांनी लहान आणि खाजाभाईंच्याच हाताखाली शिकलेले. ऐन पाठवणीत दोनापैकी एक क्लॅरिनेट बंद पडलं. धून पुरती थांबली नाही, पण दोनाचा आवाज एकाचा झाला आणि मुलीकडच्यांना तेवढं पुरलं. मालक लांब गाडीपाशी उभा होता, मध्ये गर्दी. त्याला कोण थांबलं ते दिसलं नाही. त्याने रात्री दोघांना विचारलं. खाजाभाई म्हणाले, "मुनाफचा दम तुटला." मुनाफभाईंनी एकदा उस्तादांकडे बघितलं आणि क्लॅरिनेट पेटीत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हातात झांजा आल्या. पुढची सोळा वर्षं त्यांनी त्याच बँडमध्ये झांजा वाजवल्या.

ही सगळी गोष्ट मी खाजाभाईंच्याच तोंडून ऐकलेली आहे, तीन-चार वेळा तरी. शेवटी ते नेहमी मान हलवायचे. "पोरगा चांगला होता, सर. पण छातीत दम नव्हता."

या हिवाळ्यात त्या व्यापाऱ्याच्या मुलाने जुनं घर आवरायला काढलं, तेव्हा त्याला लग्नाची एक कॅसेट सापडली. त्याच्या वडिलांना रेकॉर्डिंगचा भारी नाद. त्यांनी पाठवणीच्या वेळी दोन्ही क्लॅरिनेटवाल्यांपुढे एकेक माईक उभा केला होता, एक डावीकडच्यासाठी, एक उजवीकडच्यासाठी. मुलाने ती कॅसेट पेनड्राइव्हवर घेतली आणि आठवणीने खाजाभाईंकडे पोचती केली. बिचाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला आनंद होईल.

जियाचे वडील, अदनान, अंबडच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांनी जुन्या बाजारातून अँप्लिफायर आणि दोन भलेमोठे स्पीकर आणले होते. ते कुठे ठेवायचे, तर पाहुण्यांना दिसतील असे. म्हणून दोन्ही लोखंडी कपाटावर, एकमेकांना चिकटून, खोलीच्या कोपऱ्यात, छतापासून वीतभर खाली. धूळ बसू नये म्हणून जियाच्या आईने, शाझियाने, दोघांवर मिळून एक भरतकामाचा पडदा घातला होता आणि वर प्लास्टिकची फुलं. गाणं लावलं की आधी कपाटाचं दार थरथरायचं, मग आतली भांडी. शाझिया म्हणायची, "आमच्याकडे गाणं ऐकायचं तर हंडे-कळशा फुकट."

पेनड्राइव्ह पहिल्यांदा लावला त्या दिवशी मी तिथे होतो. दोन्ही क्लॅरिनेट एकमेकांत कालवलेली, मागे गर्दीचा गलका आणि कपाटाचा खडखडाट. मध्येच धून बारीक झाली, कोणीतरी काही पुटपुटलं, आणि पुन्हा जाड झाली.

"इथे," खाजाभाई बोट वर करून म्हणाले. "इथे मुनाफ गेला."

कोण गेला ते त्या आवाजात कोणालाच कळलं नसतं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

बातमी वडाळा गावात, मुनाफभाईंच्या घरी पोचली. मुनाफभाई चार वर्षांपूर्वी वारले. त्यांची बायको, माजिदाबी, धाकट्या मुलाकडे मालेगावला कायमची राहायला निघाली होती, सोमवारी. तिने शाझियाला फोन केला. "त्यांचा एक फोटो आहे माझ्याकडे. आवाज कुठेच नाही. जाण्याआधी एकदा ऐकवशील का?" शाझियाने रविवारी दुपारी चहालाच बोलावलं. खाजाभाईंना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अगं, पण त्यात नीट ऐकूच येत नाही काही."

जियाने ते ऐकलं आणि शनिवारी सकाळी माझं दार वाजवलं.

"सर, स्पीकर खराब आहे की रेकॉर्डिंग?"

"दोन्ही चांगले असतील."

"मग?"

"मग जागा खराब असेल. चल, बघू."

घरात खाजाभाई सोडून कोणी नव्हतं. अदनान पाळीवर, शाझिया बाजारात. खाजाभाई खिडकीशी पेपर वाचत होते. जियाने त्यांना विचारलं, "दादाअब्बा, स्पीकर जरा खाली घेऊ? उद्या माजिदादादींना छान ऐकू आलं पाहिजे."

"सर आहेत ना? मग घ्या," ते म्हणाले. पेपरातून वर बघितलंही नाही.

आम्ही स्पीकर उतरवले. जियाला मी सांगितलं नाही की असं कर आणि तसं कर. मी विचारत गेलो आणि ती करत गेली. तुझ्या घरी स्पीकर असतील तर तूही हे करून बघ, खर्च काहीच नाही. माणूस बसल्यावर त्याचा कान किती उंचीवर येतो? तेवढ्या उंचीवर स्पीकरचं तोंड यायला हवं. जियाने दोन स्टुलं आणून त्यांच्यावर स्पीकर ठेवले. भिंतीला टेकवून ठेवल्यावर काय होतं? आवाज घुमतो, ढोल फुगल्यासारखा वाटतो. तिने ते हातभर पुढे ओढले. कोपऱ्यात तर अजून वाईट, म्हणून कोपरा सोडला. मग तिने एक सुतळी घेतली. दोन स्पीकरांमध्ये जेवढी सुतळी, तेवढीच डाव्या स्पीकरपासून खुर्चीपर्यंत आणि तेवढीच उजव्यापासून. तिसऱ्या बाजूला सुतळी पुरेना तेव्हा तिने खुर्ची मागेपुढे केली, सुतळी ओढली नाही. ते मला आवडलं. दोन्ही स्पीकर तिने खुर्चीकडे जरासे वळवले, दोन माणसं तिसऱ्याशी बोलायला वळतात तसे. वायर कमी पडत होती, ती मी घरून लांब आणून जोडली. लाल वायर लाल टोकाला, काळी काळ्या टोकाला, हे तिने स्वतः दोनदा तपासलं. समोरची भिंत उघडी होती, टाळी वाजवली की खणखणायची. तिने दोरीवर गोधडी टाकली. पुन्हा टाळी वाजवली आणि हसली.

"मेली टाळी," ती म्हणाली.

मग ती खिडकीपाशी गेली. "दादाअब्बा, पहिल्यांदा तुम्हीच बसायचं. इथे. डोकं मध्ये ठेवा, हलू नका."

"अगं, मी ऐकलंय ते."

"हे नाही ऐकलं तुम्ही."

ते खुर्चीत बसले. जिया त्यांच्या पायाशी, खुर्चीला टेकून. मी मागे उभा होतो. तिने बटण दाबलं.

सुरुवातीलाच आम्ही दचकलो, कारण खोलीत माणसं आली. गर्दी मागे गेली, भिंतीच्याही पलीकडे. उजवीकडून एक तरुण आवाज म्हणाला, "उस्ताद, सुरू करू?" आणि डावीकडून खाजाभाईंचा, सत्तावीस वर्षांपूर्वीचा, भरदार आवाज आला. "हं. चल."

"दादाअब्बा, तुम्ही," जिया कुजबुजली आणि तिने त्यांचा पाय दाबला.

मग क्लॅरिनेट सुरू झाली. एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, आणि दोघांच्या मधली मोकळी जागासुद्धा ऐकू येत होती. डावीकडचा श्वास घेताना उजवीकडचा धरून ठेवायचा, उजवीकडच्याने श्वास घेतला की डावीकडचा. मी संगीतातला माणूस नाही. पण दोन माणसं एक ओझं हात बदलून वाहून नेतात, तसं ते होतं.

आणि मग डावं थांबलं.

एकदम नाही. आधी एक सूर कापला, मग फाटला, मग फक्त हवा, मग तीही नाही. उजवं वाजतच होतं. श्वास घ्यायला सवड नव्हती, कारण आता धरून ठेवायला दुसरं कोणी नव्हतं, पण ते वाजत होतं. डावीकडून धापा टाकण्याचा आवाज आला. आणि मग त्याच भरदार आवाजात, पण घाबरलेल्या, अगदी माईकजवळ, "मुनाफ, सोडू नको. मुनाफ."

वाजवणाऱ्याला बोलता येत नाही. तोंडात क्लॅरिनेट असतं. हे जियाला समजावून सांगायची गरज नव्हती.

उजवं सुटलं नाही. दहा-बारा सेकंद ते एकटं चाललं, नंतर डावं येऊन त्याला मिळालं, आणि गाडीचा आवाज लांब गेला.

खाजाभाई उठले आणि त्यांनी बटण बंद केलं. पेनड्राइव्ह काढायला गेले, तो निघेना, म्हणून तसाच राहू दिला.

"सर," ते म्हणाले, "मुलांना तुम्ही शिकवता ते चांगलं करता. पण घर आहे हे, प्रयोगशाळा नाही. येण्याजाण्याची वाट अडली बघा. जिया, ते होतं तसं वर ठेव. पडदा घाल."

"दादाअब्बा, पण उद्या..."

"होतं तसं."

आणि मी काय केलं ते तुला सांगायला पाहिजे, नाहीतर ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. मी स्पीकर उचलून पुन्हा कपाटावर ठेवायला मदत केली. जियाचा हात पुरत नव्हता. मी उंच आहे.

ती माझ्याबरोबर जिन्यात आली.

"सर, डावं थांबलं ना?"

"हो."

"डावीकडे कोण होतं?"

"तुला काय ऐकू आलं?"

"मी तुम्हाला विचारलं."

"तुझे दादाअब्बा," मी म्हणालो.

ती कठड्याला टेकून उभी राहिली. "माजिदादादी म्हणतात, त्यांच्या मुलीच्या, आपाच्या लग्नात मुनाफदादांनी बँड लावूच दिला नाही. लोक म्हणतील, स्वतःच्या पोरीची पण तोडेल. टेपवर गाणी लावून पाठवली आपाला. हे दादाअब्बांना माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग तुम्ही सांगाल उद्या?"

"ते सांगायचं काम त्यांचं आहे, बेटा."

"आणि नाही सांगितलं तर?"

मी चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं. या प्रश्नाला मी म्हणालो, "सांगतील. रात्रभर विचार करतील आणि सांगतील." मला तसं वाटत होतं म्हणून नाही. मला जिना उतरायचा होता.

रविवारी दुपारी माजिदाबी आली. ठेंगणी, काटकुळी, हातात बेकरीतल्या नानखटाईचा पुडा. जिना चढून दम लागला होता. दारातच म्हणाली, "अदनान, तिसरा मजला घेताना माझा विचार केला नाहीस."

"चाची, तुम्ही मालेगावला चाललात म्हणून सांगतो, आता लिफ्ट बसवतोय," अदनान म्हणाला.

"मी गेल्यावरच सुचतं तुम्हाला सगळं."

तिला भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं, कपाटापासून लांब, कारण पंखा तिथे होता. खाजाभाई समोरच्या पलंगावर. मी दाराजवळ. शाझियाने चहा दिला. जिया आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती आणि आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. माजिदाबी आल्यापासून तिने दुसरीकडे बघितलंच नव्हतं.

बराच वेळ सामान, टेम्पो, मालेगावचं घर यावर बोलणं झालं. मग माजिदाबी म्हणाली, "खाजाभाई, लावता का?"

खाजाभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता. जियालाही वाटलं असेल, ती चौकट सोडून एक पाऊल पुढे आली.

"भाभी," ते म्हणाले, "फार जुनं आहे. त्यात ऐकण्यासारखं काही राहिलेलं नाही. वाईट वाटेल तुम्हाला."

"वाईट वाटून संपलंय माझं. लावा."

त्यांनी अदनानला खूण केली. बटण दाबलं. कपाटाचं दार थरथरलं, भांडी बोलू लागली. कोपऱ्यातून, छताजवळून, पडद्यामागून ती धून आली, गोळा होऊन, जशी पहिल्या दिवशी आली होती तशी. माजिदाबी पुढे वाकली. डोक्यावरची ओढणी तिने कानामागे सारली.

"यात ते कुठले?" तिने विचारलं.

"दोघे एकत्रच आहेत, भाभी. वेगळं नाही कळत," खाजाभाई म्हणाले.

ती ऐकत राहिली. एकदा उजवीकडे मान करून, एकदा डावीकडे. जत्रेत हरवलेलं माणूस शोधावं तशी. मग धून बारीक झाली. कोणीतरी काही पुटपुटलं, ते भांड्यांत बुडालं.

माजिदाबीने हात वर केला. "इथे. हेच ना? इथे त्यांचा दम तुटला."

खोलीत सगळे खाजाभाईंकडे बघत होते. अदनान आणि शाझिया काही माहीत नसल्यामुळे. मी आणि जिया माहीत असल्यामुळे.

"हो," खाजाभाई म्हणाले. "होतं असं, भाभी. कोणाचंही होतं."

धून संपली. माजिदाबीने ओढणीच्या टोकाने चेहरा पुसला. रडत नव्हती. ती उठली, पलंगापाशी गेली आणि खाजाभाईंपुढे उभी राहिली. ते बसलेले होते, तरी दोघांची उंची एकच झाली.

"खाजाभाई, ते गेले तेव्हा बोलायचं राहिलं. मी आता बोलते," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना हाताला धरून शिकवलंत आणि त्यांनी तुमची पाठवणी बिघडवली. माफ करा त्यांना. माझ्या मनावर ओझं होतं, मालेगावला न्यायचं नव्हतं."

खाजाभाईंचे ओठ हलले. मी वाट बघितली. एवढं सगळं शिकवल्यावर, एवढी वर्षं जगल्यावर, मी दाराला टेकून वाट बघितली. हातातला चहा गार झाला होता, तरी मी त्याचा एक घोट घेतला, म्हणजे मला बोलायला नको.

"केलं, भाभी," खाजाभाई म्हणाले. "केव्हाच माफ केलं."

माजिदाबीने हात जोडले आणि ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली. शाझियाने डोळे टिपले. अदनानने नानखटाईचा पुडा उघडला आणि पहिली वडिलांना दिली. त्यांनी ती घेतली.

स्वयंपाकघरातून फरशीवर काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जिया स्टूल ओढत आणत होती. तिने ते कपाटाशी लावलं आणि वर चढली. प्लास्टिकची फुलं काढून खाली टाकली. पडदा ओढला, तो तिच्या खांद्यावर पडला, तिने तो झटकला.

"ए जिया, काय करतेस?" अदनान म्हणाला. "पडशील."

"जिया," खाजाभाई म्हणाले. "खाली उतर."

ती उतरली, पण रिकाम्या हाताने नाही. उजवीकडचा स्पीकर तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, हनुवटी त्याच्यावर रोवून, आणि एकेक पाय चाचपत ती खाली आली. कालची लांब वायर तशीच जोडलेली होती. ती तिच्या मागून फरशीवरून सरपटत गेली. खोलीत कोणी हललं नाही. मी कप ठेवला आणि वाटेतली चप्पल पायाने बाजूला केली, तेवढंच माझ्याच्याने झालं.

तिने स्पीकर माजिदाबीच्या खुर्चीपाशी नेला आणि शेजारच्या टीपॉयवर ठेवला. नानखटाईचा पुडा उचलून आईच्या हातात दिला. स्पीकरचं तोंड माजिदाबीच्या कानाकडे वळवलं, बोटांनी मधलं अंतर मोजलं आणि अजून थोडं वळवलं.

"दादी," ती म्हणाली, "यात फक्त मुनाफदादा आहेत. शेवटपर्यंत ऐका."

खाजाभाई तिला पुन्हा हाक मारत होते. जियाने त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग अँप्लिफायरपाशी जाऊन पाठवणी पहिल्यापासून लावली.